लाल बटणाची वायर

मामा, तुझ्या जलदान विधीला नाईक आला होता. ठाण्याचा, कंट्रोलर विकणारा. पांढरा शर्ट घालून आला, म्हणजे आपल्याकडची रीत कोणालातरी विचारून आलेला. वंदना संपेपर्यंत हात जोडून उभा राहिला, तुझ्या फोटोला फुलं वाहिली. मग भोजनाला बसायच्या आधी मामीसमोर वाकला आणि म्हणाला, "वहिनी, भाऊंनी मला शब्द दिला होता. त्यांची लेथ आम्हीच पूर्ण करून देणार. कंट्रोलर मी बाजूला काढून ठेवलाय."

मामी रडली. तुझ्या गाळ्यावरच्या दिलीपने मान खाली घातली. मी नाईकच्या मोज्यांकडे बघत बसले, कारण तोंडाकडे बघितलं असतं तर तिथेच बोलले असते.

शब्द दिला होता! गेलेल्या माणसाचा शब्द फार सोयीचा असतो, मामा. तो माणूस उठून 'नाही' म्हणायला येत नाही.

मी पत्रकं लिहिते. पत्रक लिहिताना समोर कोण आहे ते आधी ठरवायचं असतं. मालक, पालिका, ठेकेदार. एकदा ते ठरलं की वाक्यं आपोआप येतात. आज समोर तू आहेस आणि तू कुठल्या बाजूला उभा आहेस तेच मला कळत नाही. म्हणून सरळ विचारते. तू नाईकला हो म्हणालास का?

त्या दिवशी सगळे तुझ्याबद्दल गोड बोलले. भाऊंनी कधी कोणाला दुखावलं नाही म्हणे. खोटं आहे. मला तू आठवड्यातून एकदा तरी दुखवायचास आणि मी परत येऊन तुला. भाऊ साधे होते म्हणे. तेही खोटं. तू संशयी होतास. भाजीवालीच्या तराजूपासून रेडिओवरच्या हवामानापर्यंत कशावरही तुझा विश्वास नव्हता. नवा बल्ब आणलास तरी आधी मीटर लावून बघायचास. विजेच्या पॅनलमधला एखादा स्क्रू बरोबर जागी बसला की त्यावर मामीच्या नेलपॉलिशचा लाल ठिपका ठेवायचास, कोणी मागाहून फिरवला तर रंग तडकून कळावं म्हणून. मामीने उभ्या आयुष्यात नखं रंगवली नसतील, पण घरात बाटली कायम. "बायकोसाठी आणलीय" म्हणून दुकानदाराला सांगायचास, आणि सगळी गाळ्यावर संपवायचास. हा संशय मला आईकडून आलेला नाही, तुझ्याकडून आलाय. म्हणून तर समजत नाही, नाईकच्या वेळी तुझा मीटर कुठे गेलेला?

लोकांना वाटेल, एका जुन्या लेथवरून काय एवढं. ज्यांनी विठ्ठलवाडीचा तुझा गाळा पाहिला नाही त्यांना वाटू दे. ठाण्याची कंपनी बंद पडली तेव्हा तू मेंटेनन्समधला इलेक्ट्रिशियन होतास. हत्यारांची पेटी घेऊन घरी आलास आणि महिनाभराने कुठूनतरी ती पंजाबातल्या बटाल्याची, लोखंड कातायची लेथ उचलून आणलीस. हिरवा रंग पोपडे धरलेला. चालू केली की शेजारच्या जीन्सवाल्यांची शिलाई वाकडी जायची आणि ते भिंतीवर कात्री आपटायचे. त्या लेथवर तू पंपाचे दांडे केलेस, बुश केले, आटे पाडलेले बोल्ट केलेस. आपलं सगळ्यांचं शिक्षण त्या लेथने केलं. माझा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमापण तिनेच केला, जो करून मी कामगार संघटनेच्या कामात गेले आणि जे तुला कधीच पटलं नाही.

मग गिऱ्हाइकं कुरकुरायला लागली. हाताने केलेला प्रत्येक नग केसभर वेगळा. त्यांना सगळे सारखे हवे. म्हणून ठरलं की लेथ कॉम्प्युटरवर आणायची. हँडलं जाऊन मोटरी बसल्या, नवे स्क्रू बसले, नग पकडून फिरवणारा जो चक, त्याच्या मोटरला वेग सांभाळणारा ड्राइव्ह लागला. लोखंडाचं सगळं काम तू आणि दिलीपने मिळून केलं. राहिला फक्त मेंदू. मोटरींना काय करायचं ते सांगणारा डबा कुठला घ्यायचा? तिथे आपलं भांडण सुरू झालं.

पहिल्यांदा मी ती सर्किटची निळी पाटी घेऊन आले, मोबाईलएवढी. मोकळं सॉफ्टवेअर, कोणाची मालकी नाही, कुलूप नाही, जगभरातली पोरं मिळून सुधारतायत. मी गाळ्यात उभी राहून भाषणच दिलं. तू शांतपणे ऐकलंस, चष्मा कपाळावर ढकललास.

"झालं?"

"झालं."

"चक किती फिरला, हे हिला कळतं का?"

"म्हणजे?"

"चक एक फेरा फिरला की टूल बरोबर एक आटा पुढे गेलं पाहिजे. हिला चकचा पत्ताच नाही. ही लाकडावर गणपती कोरणाऱ्या मशीनची पाटी आहे. मग आटे कोण पाडणार, तुझी घोषणा?"

दिलीपच्या नाकातून चहा आला.

मान्य. ती पाटी चुकीची होती. पण मी गप्प बसणारी नव्हते. दुसरी तोड काढली. जुना कॉम्प्युटर, त्यात लेथ ओळखणारं मोकळं सॉफ्टवेअर, चकला फेरे मोजणारा एन्कोडर, मध्ये एक कार्ड. आटेसुद्धा पडणार. कोपरच्या आमच्या खोलीत टेबलावर मी ते चालवून दाखवलं. तू दोन्ही मोटरी फिरताना बघितल्यास आणि म्हणालास, "चांगलंय." तुझं 'चांगलंय' मला पाठ आहे. आईच्या कारल्याच्या भाजीला पण तू 'चांगलंय' म्हणायचास आणि ताट सरकवायचास.

त्यानंतर नाईक उगवला.

ठाण्याला त्याच्या ऑफिसात आपण दोघं गेलेलो. बसमधून उतरून रिक्षा, मग काचेचा दरवाजा, आत एसी. तू पायपुसण्यावर बूट इतक्या वेळा पुसलेस की मला राग आला. टेबलावर त्याचा डबा. रंगीत स्क्रीन, बटणं, लेथची चित्रं, सगळं एकसंध. नाईकने आटे पाडायचा प्रोग्रॅम एका बोटाने लावून दाखवला. खोटं कशाला बोलू, छान होता.

मी विचारलं, "आतली सेटिंग कोण बदलणार?"

"आमचा इंजिनिअर येईल ना."

"पासवर्ड?"

"तो कंपनीकडे राहतो मॅडम. सेफ्टीसाठी."

"कोणाच्या सेफ्टीसाठी?"

नाईक हसला आणि तुला म्हणाला, "भाऊ, मॅडम वकील आहेत का?"

"नाही," तू म्हणालास, "वकील परवडतो."

मग मात्र तू तो प्रश्न विचारलास. थांबायचं लाल बटण कुठे जोडायचं?

"डायरेक्ट कंट्रोलरमध्ये," नाईक म्हणाला. "बटण दाबलं की कंट्रोलर एकेक गोष्ट व्यवस्थित थांबवतो."

"आणि कंट्रोलरच अडकला तर?"

"आमचा कंट्रोलर अडकत नाही, भाऊ."

परत येताना बसमध्ये माझं डोकं तापलं होतं. मी नाईकचा विचार करत नव्हते, दिलीपचा करत होते. दिलीपला तुझ्याकडे मीच आणलेला. डोंबिवलीच्या एका कंपनीत त्याचा हातमोजा आपोआप चालणाऱ्या मशीनमध्ये ओढला गेला. त्याने उजव्या हाताने लाल बटण दाबलं. मशीनने आधी हातातलं काम पुरं केलं आणि मग थांबलं. त्याच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली. आणि मॅनेजमेंट काय म्हणाली? कामगाराने बटण दाबलंच नाही, मशीनच्या मेमरीत तशी नोंद नाही! माणूस म्हणतो दाबलं, डबा म्हणतो नाही दाबलं, आणि डबा उघडायचा पासवर्ड डबा विकणाऱ्याकडे. त्याच्यावर मी लिहिलेलं पत्रक कल्याणपासून ठाण्यापर्यंत वाटलं. लोकांनी वाचलं, घडी घालून खिशात ठेवलं. बोटं आली नाहीत.

त्या दिलीपला तू शब्द दिला होतास, माझ्यासमोर. "माझ्या गाळ्यात बटण दाबलंस की थांबणार. कोणाला विचारून नाही थांबणार." नाईकला दिलेला शब्द मी ऐकला नाही. हा मी ऐकलाय.

म्हणून मी बसमध्ये म्हणत होते, बटणाची वायर थेट मेनवर टाक, दाबलं की सगळ्याची वीज खलास. तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "वीज गेली म्हणून चक थांबतो का? एवढं वजन आहे त्याला. सुटा फिरत राहील."

"म्हणजे नाईक बरोबर?"

"मी असं म्हटलं का?"

"मग काय म्हटलंस?"

"उतरायचंय आपल्याला," तू म्हणालास.

पुढे काही दिवसांनी गाळ्याच्या कुलपाच्या किल्लीला नवी कीचेन दिसली. नाईकच्या कंपनीची, चमकणारी. तू म्हणाला होतास ठाण्याला लेबर कोर्टात गेलेलो, जुन्या कंपनीच्या केसची तारीख होती. मी विचारलं, "कोर्टात कीचेन वाटतात हल्ली?" तू किल्ली खिशात टाकलीस आणि दिलीपवर उगाच ओरडलास.

तेव्हापासून मी तुझ्याकडे वेगळ्या नजरेने बघायला लागले. हे लिहायला बरं वाटत नाहीये, पण गोड लिहायचं असतं तर फोटोखाली चार ओळी टाकल्या असत्या.

शेवटचं आपण बोललो ते आमच्या घरी, कोपरला. आई चहा करत होती. तू म्हणालास, "शनिवारी गाळ्यावर ये, पॅनल दाखवतो." मी म्हटलं, "आधी सांग, डबा कोणाचा?" तू हसलास. "ये तर. बघितल्यावर भांड." मग चपला घातल्यास, जिन्याच्या दुसऱ्या वळणावर बसलास आणि उठलाच नाहीस. डॉक्टर म्हणाले हृदय. आई अजून म्हणते चहा जास्त कडक झाला होता. मला मात्र ते हसणं आठवत राहिलं आणि त्याचा अर्थ लागेना. लपवणाऱ्याचं हसणं होतं की दाखवायला आतुर झालेल्याचं?

विधीनंतरच्या शनिवारी मी गेले. तू नव्हतास. मामी होती, दिलीप होता, आणि डबा घेऊन नाईक.

पॅनलच्या दाराला तू खिडकी कापून ठेवली होतीस. कडा कानशीने घासून गुळगुळीत केलेल्या. माझ्या जुन्या कॉम्प्युटरला खिडकी लागत नाही, तो टेबलावर बसतो. नाईकने पिशवीतून डबा काढला आणि खिडकीला लावला. तो आत गेला, मामा. कुठे घासला नाही, कुठे फट राहिली नाही.

"बघा," नाईक म्हणाला. "भाऊंनी माप आमच्याच डब्याचं घेतलंय."

मिळालं मला उत्तर. तू हो म्हणाला होतास. तेव्हा मला काय वाटलं ते सांगते. आमचा मामा एका कीचेनला विकला गेला, असं वाटलं. तू गेल्याचं रडू त्या दिवसापर्यंत आलं नव्हतं, ते तिथे आलं, तेही रागाचं.

मामी दिलीपला म्हणाली, "अरे, तुला ठाऊक होतं ना? बोल की."

दिलीप म्हणाला, "ताई, रागवू नका हां. भाऊ बोललेले. बोलले, प्रज्ञाचा कॉम्प्युटर भारीच आहे. पण उद्या बंद पडला तर तो फक्त प्रज्ञालाच कळणार. आणि प्रज्ञा कुठे? कधी भिवंडीला, कधी कोर्टात, कधी पोलीस चौकीत बसलेली. नाईकला फोन केला तर माणूस तरी पाठवतो."

घे. मी नाईकवर संशय घेत बसले आणि तू माझ्यावर घेत होतास. आणि मला तोंडावर सांगायचं सोडून दिलीपला सांगितलंस! भांडायला मी होते ना समोर? मी म्हटलं असतं, पत्रकं वाटायला दुसरं कोणी जाईल. कदाचित नसतं म्हटलं. पण मला म्हणायची संधी तरी द्यायचीस.

नाईकने डबा परत बाहेर काढला. "आता एक छोटंसं काम. वायरिंग आम्हाला आमच्या पद्धतीने करावं लागेल. हे भाऊंचं बटणाचं सर्किट काढून टाकू, बटण आमच्या डब्यात घेऊ. नाहीतर वॉरंटी लागत नाही."

दिलीपचा डावा हात हळूच खिशात गेला. त्याला त्याचं कळतसुद्धा नाही. तू आणि मी, आपल्या दोघांनाच ते कळायचं.

मी म्हटलं, "आधी मला वाचू द्या."

तुझं पॅनल वाचायला तूच शिकवलंयस. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना नंबर, प्रत्येक पक्क्या स्क्रूवर लाल ठिपका. मी बटणापासून सुरुवात केली आणि बोट ठेवत ठेवत गेले. डब्यासाठी तू एका बाजूला कनेक्टरची लांब पट्टी बसवली होतीस, डब्याकडे जाणारं सगळं तिथे आणून सोडलेलं. नाईकचा डबा असो की माझं कार्ड, पट्टीला जोडा आणि चालवा. उद्या एक काढून दुसरा लावा. हे तू मला बोलला नव्हतास.

आणि बटणाच्या वायरी त्या पट्टीकडे गेल्याच नव्हत्या. एक वायर टूल सरकवणाऱ्या मोटरींच्या कॉन्टॅक्टरला, म्हणजे बटण दाबलं की त्यांची वीज तिथल्या तिथे बंद. दुसरी थेट चकच्या ड्राइव्हला, ब्रेक लाव म्हणून. तिसरी एका टायमरला. ब्रेकने ऐकलं तरी, नाही ऐकलं तरी, टायमर थोडा वेळ बघणार आणि मग चकची वीजही तोडून टाकणार. पट्टीवर बटणाकडून गेलेली एकच बारीक वायर होती. मी दिलीपला विचारलं, ही कशाला?

"ती डब्याला कळवायला, की मशीन थांबली. भाऊ बोलायचे, आधी विचारायचं नाही, नंतर कळवायचं. रुसणाऱ्या पाहुण्याला कळवतात तसं."

बसमध्ये तू दिलं नाहीस ते उत्तर हे होतं. माझं 'सगळ्याची वीज खलास' पण नको आणि नाईकचं 'डबा बघून घेईल' पण नको. तू डबा नाईकचा घेतलास आणि दिलीपच्या हाताच्या बाबतीत त्या डब्यावर पैशाचाही भरवसा टाकला नाहीस. माझ्यापेक्षा जास्त संशयी निघालास. मला उभ्या उभ्या तुझ्या पाठीत धपाटा घालावासा वाटला, आणि घालायला पाठ नव्हती.

पण इथे थांबले असते तर तुझी भाची कसली?

"चालवून बघू," मी म्हटलं.

"मॅडम, भाऊंचं काम आहे, विश्वास ठेवा," नाईक म्हणाला.

"भाऊंनीच शिकवलंय, नाही ठेवायचा."

टूलच्या मोटरी डब्याशिवाय चालणार नव्हत्या, पण चक चालत होता. दिलीपने तो फिरवला आणि उजव्या हाताने बटण दाबलं. चक घुर्र करून जागच्या जागी थांबला. मग बऱ्याच वेळाने पॅनलमध्ये खट् वाजलं. मामी म्हणाली, "थांबली की गं!" दिलीपचा हात खिशातून बाहेर आला.

मी मेन बंद केला, ब्रेकची वायर सोडवली, मेन चालू केला. आता ब्रेक ऐकणार नाही. आता काय होतं ते बघायचं होतं. दिलीपला म्हटलं, लांब उभा राहा आणि दाब.

त्याने दाबलं. चक फिरत राहिला.

मामा, तो फिरतच राहिला. जोरात, वीज असल्यासारखा, कारण वीज होतीच. दिलीप एक पाऊल मागे सरकला, डावा हात परत खिशात. त्याचा चेहरा मी एकदाच तसा पाहिला होता, हॉस्पिटलात. मग केव्हातरी खट् वाजलं आणि चक घरंगळत घरंगळत थांबला.

"बघा!" नाईक म्हणाला. "म्हणूनच म्हणतो, हे घरगुती सर्किट काढा. एवढ्या वेळात माणसाचं काय होईल?"

एवढ्या वेळात माणसाचं काय होतं, हे नाईक दिलीपसमोर विचारत होता.

आणि तो बरोबर बोलत होता. तू दिलेला शब्द माझ्यासमोर फिरत होता आणि थांबत नव्हता. माझ्या मनात काय काय आलं ते सगळं इथे लिहीत नाही. वय झालं होतं तुझं, हे पण आलं.

मग मी टायमरकडे बघितलं. छोटी चकती, त्यावर बाण. बाण पार शेवटच्या टोकाला. आणि चकतीवर ठिपका नव्हता.

आजूबाजूच्या सगळ्या स्क्रूंवर लाल ठिपके. फक्त टायमर कोरा.

आणि मला डिप्लोमाच्या वेळचं आठवलं. तू मला याच गाळ्यात असलं सर्किट तपासायला शिकवत होतास. टायमर आधी पूर्ण लांब करून ठेवलास. मी म्हटलं एवढा उशीर कशाला? तू म्हणालास, "दोन आवाज वेगळे ऐकू आले पाहिजेत. आधी ब्रेकचा घुर्र, मग याचा खट्. दोन्ही एकदम वाजले तर तुला काय कळणार, थांबवलं कोणी? दोघं आपापलं काम करतात हे कानाने ऐकायचं. ऐकून झालं की चकती मागे आणायची. मगच ठिपका."

तू ऐकेपर्यंत आला होतास. चकती मागे आणायची राहिली होती. शनिवारी मला ते दोन आवाज ऐकवायचे होते तुला, हो ना? म्हणून लांब ठेवलेला, आणि म्हणून हसलास.

हे मला कोणी सांगितलेलं नाही. पुरावा म्हणशील तर नसलेला एक ठिपका. पत्रकात एवढ्यावर मी एक वाक्यसुद्धा लिहिलं नसतं. पण इथे लिहिते.

मी स्क्रूड्रायव्हर घेतला आणि चकती मागे आणली. ब्रेकची वायर तशीच सुटी ठेवली. "दाब," म्हटलं.

दिलीपने माझ्याकडे बघितलं. नाईककडे बघितलं. मग डावा हात खिशातून काढला आणि त्या हाताने, राहिलेल्या बोटांनी, बटण दाबलं. दाबलं आणि पाठोपाठ खट् वाजलं. चक सुटा झाला, जोर गेलेला, थोडा घरंगळला आणि थांबला. मग मी ब्रेकची वायर जोडली आणि परत बघितलं. चक जागेवर थांबला, आणि त्याच्यामागे लगेच खट्. दोन आवाज, एकमेकांना चिकटलेले, पण दोन. तू ऐकायला हवा होतास.

मामीला यातलं किती कळलं माहीत नाही. ती नाईकला म्हणाली, "त्यांनी तुम्हाला शब्द दिला असेल तर डबा बसवा. पण बटणाच्या वायरींना हात लावायचा नाही."

"वहिनी, मग वॉरंटी..."

"तुमच्या वॉरंटीला दिलीपची बोटं येतात का परत?"

मी म्हटलं, "आणि पासवर्ड."

नाईक म्हणाला, कंपनीला विचारून सांगतो. डबा पिशवीत घातला आणि गेला. जाताना गाळ्यातल्या भिंतीवरच्या तुझ्या बंद पडलेल्या घड्याळाखाली उभं राहून हात मात्र जोडले त्याने. तो वाईट माणूस असेलच असं नाही. माझा विश्वास नाही, एवढंच. अजून त्याचा फोन आलेला नाही. पॅनलची खिडकी उघडीच आहे आणि तिच्यातून तुझी पट्टी दिसते.

तू त्याला हो म्हणालास हे मला पटलेलं नाही, आणि पटणारही नाही. प्रज्ञा सापडत नाही म्हणालास, तेही कबूल नाही. नाईक आला तर त्याचा डबा लागेल, नाही आला तर माझं कार्ड. कुठलाही लागला तरी आता शनिवारी मी गाळ्यावर असते. कोणाला माझी पत्रकं हवी असतील तर त्यांनी विठ्ठलवाडीला यावं. संघटनेतल्यांना सांगून टाकलंय, ते तोंड वाकडं करतायत, करू देत.

त्या दिवशी नाईक गेल्यावर मी लेथ पुसायला घेतली. मामी बाहेर गेली. मला वाटलं घरी गेली, दमली असेल. थोड्या वेळाने परत आली, मुठीत नेलपॉलिशची बाटली. अर्धी रिकामी, झाकण घट्ट बसलेलं. दिलीपने ते पक्कडने सोडवलं. मामीने पदर खोचला, पॅनलमध्ये वाकली आणि मला विचारलं, "कुठे?"

मी टायमर दाखवला.

ठिपका जरा मोठा झाला आणि चकतीच्या बाहेर गेला. तुझ्यासारखा नाही जमला. तिने झाकण लावलं आणि म्हणाली, "आता कोणी फिरवायची नाही."

रंग वाळेपर्यंत आम्ही तिघं तिथेच उभे होतो.